झील

मे महिन्यात दुपारी तीनला भुसावळ स्टेशनवर उतरलं की आधी तापलेल्या लोखंडाचा वास येतो, मग ऊन. १९९८ च्या मेमध्ये मी अशीच उतरले. खांद्याला व्हायोलिनची केस, केसभोवती ओला पंचा. मनमाड सोडल्यापासून तो पंचा तीनदा भिजवला होता आणि तिन्ही वेळा अर्ध्या तासात कडकडीत वाळला होता. मुंबईच्या दमट हवेत वर्षभर मुरलेलं लाकूड सात-आठ तासांत खानदेशच्या कोरड्या आचेत आणायचं, याची मला दरवर्षी धास्ती वाटायची.

संध्याकाळी ओट्यावर बसून रियाजाला सुरुवात केली. सगळ्यात खालची तार, म्हणजे जी, ओढली आणि आत कुठंतरी झणझणलं. पातेल्यावर झाकण नीट बसलेलं नसलं की थरथरतं तसा आवाज. घोडी पाहिली, खुंट्या पाहिल्या, हनुवटीखालची पट्टी आवळून पाहिली. झणझण जाईना. आप्पा, माझे वडील, आत भाजी निवडत बसले होते. ते बाहेर आले आणि म्हणाले, "दे इकडे."

आप्पा रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. तेव्हा रिटायर होऊन चार वर्षं झाली होती. त्यांनी व्हायोलिन कानाजवळ धरलं, बोटाचं पेर वाकवलं आणि कडेकडेनं टक टक करत निघाले. उभ्या गाडीच्या चाकांवर हातोडी मारत जाणारा माणूस भुसावळच्या प्रत्येक पोरानं पाहिलेला असतो, अगदी तसे. टक, टक, टक. डाव्या अंगाला खालच्या बाकाशी आवाज बदलला. भरीव होता तो पोकळ झाला. त्यांनी तिथं नख ठेवलं. वरची फळी आणि कडेची पट्टी यांच्यात वहीचं पान जाईल एवढी फट.

"लाकूड नाही फुटलं, माय. सरस सुटला."

पुढं मुंबईत व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्याकडे गेले तेव्हा त्यानं हेच सांगितलं. वरची फळी मुद्दाम पातळ सरसानं चिकटवतात. हवा कोरडी झाली, लाकूड आक्रसलं, ताण आला, की आधी सांधा सुटावा, फळी चिरू नये. सांधा पुन्हा चिकटवता येतो. चिरलेली फळी बुजवता येते, पण तो सूर पुन्हा तसाच येईल याची खात्री नसते. आप्पांना हे कळवलं तर त्यांना जराही नवल वाटलं नाही. "फ्यूज असते तसं," म्हणाले. "काहीतरी आधी जायला पायजे."

मी १९९१ ते २०१० अशी एकोणीस वर्षं एका स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये दुसरं व्हायोलिन वाजवलं. क्वार्टेट म्हणजे चौघं: दोन व्हायोलिनं, एक व्हायोला (व्हायोलिनहून जरा मोठं, खालच्या सुराचं), एक चेलो (बसून वाजवायचं, खर्जाचं). ऑर्केस्ट्रात समोर काठी घेऊन उभा राहणारा कंडक्टर असतो, इथं तो नाही. एकेका ओळीला दहा-बारा वादक नाहीत, एकेकच आहे. त्यामुळे चुकलं तर लपायला जागा नाही आणि कुणी हात दाखवून सुरुवात करून देणारा नाही. चौघांनी एकाच क्षणी एकत्र निघायचं ते एका श्वासावर. ज्याच्याकडे सुरुवात असते तो नाकानं श्वास घेतो, खांदा किंचित उचलतो, आणि त्या श्वासाच्या लांबीवरून बाकी तिघांना लय, जोर, सूर नाजूक लावायचा की भरदार, सगळं कळतं. नवख्या माणसाला हे सांगितलं तर खोटं वाटतं.

आमच्या नातेवाइकांत मात्र "दुसरं व्हायोलिन" याचा अर्थ वेगळा लागायचा. भुसावळ रेल्वेचं गाव. वाफेच्या इंजिनाच्या काळात सेकंड फायरमन असायचा, तो फर्स्ट फायरमन व्हायचा, पुढं जमलं तर ड्रायव्हर. आप्पांच्या बरोबरीचे काका लोक भेटले की मनापासून विचारायचे, "मग पहिलं कधी होणार तुझं?" मी त्यांना सांगायचे की ही बढतीची पायरी नाही, ती जागाच वेगळी आहे. त्यांना पटायचं नाही. आणि खरं सांगते, पहिली काही वर्षं मलाही मनातून पटत नव्हतं.

हे पटायला जो शब्द लागला तो आमच्या घरातच होता.

आप्पा भजनी मंडळात होते. शेडची ड्यूटी संपली की शनिवारी रात्री तापीकाठच्या आमच्या गावी जायचे. ते बुवा नव्हते, कधीच नव्हते. ते झीलकरी. बुवा चरण म्हणतो आणि शेवटच्या अक्षराला आल्यावर मागचे लोक ते उचलतात, त्याला झील धरणं म्हणतात. पोवाड्यात असते, गोंधळात असते. लहानपणी मी आप्पांच्या मांडीला टेकून बसायचे तेव्हा गाण्याआधी मला त्यांचा श्वास ऐकू यायचा. बुवाचा आवाज उतरणीला लागला की आप्पांच्या बरगड्या फुगायच्या. मला वाटायचं, यांना कसं कळतं बुवा आता सोडणार ते? एकदा विचारलंही. "त्याचा दम संपत आला की आपल्याले कळते," एवढंच म्हणाले.

व्हायोलिन घरात आलं ते रेल्वे कॉलनीतल्या गार्डसाहेबांमुळे. गोव्याचे होते, आप्पांशी ओळख शेडमधली. चर्चमध्ये रविवारी व्हायोलिन वाजवायचे आणि एरवी मालगाड्या घेऊन कधी खंडव्याला, कधी मनमाडला. मी नऊ वर्षांची असताना त्यांनी माझी बोटं पाहिली, हनुवटी पाहिली आणि आप्पांना म्हणाले, पोरीला पाठवत जा. फी म्हणून आप्पांनी त्यांचा पंखा, शिगडी, सायकल आयुष्यभर दुरुस्त करून दिली. गार्डसाहेबांकडे रेकॉर्ड प्लेयर होता आणि अमेडिअस क्वार्टेटच्या चार-पाच तबकड्या. त्या क्वार्टेटची गोष्ट ते पुराणातल्या कथेसारखी सांगायचे. ऑस्ट्रियातून जीव वाचवून इंग्लंडला पळालेले तीन ज्यू तरुण, ब्रेनिन, निसेल आणि शिडलॉफ. लढाईच्या काळात इंग्रजांनी त्यांना परकीय म्हणून छावणीत डांबलं, आणि तिथंच त्यांच्या ओळखी झाल्या. पुढं मार्टिन लवेट हा इंग्रज चेलोवादक येऊन मिळाला आणि १९४८ मध्ये लंडनला पहिली मोठी मैफल झाली. १९८७ मध्ये व्हायोलावाला शिडलॉफ गेला तेव्हा उरलेल्या तिघांनी चौथा माणूस शोधला नाही. क्वार्टेट तिथंच संपवलं. ही बातमी मी मुंबईहून गार्डसाहेबांना पत्रानं कळवली होती. त्यांचं उलट पत्र दोन ओळींचं होतं. त्यात त्यांनी फक्त माझ्या रियाजाची चौकशी केली होती.

मुंबईला मी १९८३ मध्ये गेले. सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये तेव्हा व्हायोलिनच्या रांगाच्या रांगा लागायच्या, त्यातल्या मागच्या रांगेत मला जागा मिळाली. पुढच्या काही वर्षांत कीबोर्डनं त्या रांगा खाऊन टाकल्या. त्यावर खूप जणांनी खूप लिहिलं आहे.

क्वार्टेट जमलं ते माहीमच्या एका जुन्या इमारतीतल्या खोलीत. पहिलं व्हायोलिन वाजवणारा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, त्याला आम्ही "पहिला" असंच म्हणायचो. व्हायोलावाली वसईची, माझ्याशी मराठीत बोलणारी. चेलोवाले पारशी काका, आम्हा सगळ्यांहून वीस वर्षांनी मोठे. काकांना मेहली मेहतांचं फार. कंडक्टर झुबिन मेहतांचे वडील म्हणून लोक त्यांना ओळखतात. पण त्यांनी १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट काढलं होतं आणि नंतर अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये ते वाजवत होते. आपल्या शहरात हे एकदा झालेलं आहे, म्हणजे पुन्हा होऊ शकतं, असं काका प्रत्येक वाईट महिन्याच्या शेवटी सांगायचे.

तालमीत पंखा बंद असायचा. कागद उडतात म्हणून, आणि पंख्याची घरघर सुराला चिकटते म्हणूनही. सकाळी साडेआठला बसायचो. पहिला पाऊण तास नुसता सूर जुळवण्यात जायचा, आणि यात मला जो आनंद मिळायचा तो मैफलीतही क्वचित मिळाला. व्हायोलिनच्या तारा पंचमाच्या अंतरानं लावतात. प्रत्येक पंचम चोख लावत गेलं तर चेलोची सगळ्यात खालची सी आणि माझी सगळ्यात वरची ई यांच्यातला गंधार चढा होतो. पंचम सगळे खरे आणि गंधार खोटा! म्हणून क्वार्टेटवाले पंचम केसभर आत ओढून लावतात, प्रत्येकानं थोडं थोडं सोडायचं. हे मला पहिल्याच दिवशी ऐकू आलं. त्यात माझी हुशारी काही नव्हती. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा तंबोऱ्याचा गंधार लहानपणापासून कानात बसला होता. तो गंधार ५:४ या प्रमाणातला, आणि पेटीच्या किंवा पियानोच्या गंधाराहून जरा खाली. क्वार्टेटमध्ये थांबलेल्या स्वरसमूहात गंधार बहुतेक वेळा दुसऱ्या व्हायोलिनकडे नाहीतर व्हायोलाकडे असतो. तो जागेवर बसला की चौघांच्या लाकडातून पाचवाच कुणी गातोय असं वाटतं. व्हायोलावाली अशा वेळी डोळे मिटून म्हणायची, "आला." तो आलेला असायचाच.

माझं काम काय होतं? पहिलं व्हायोलिन गात असताना त्याच्या खाली सहाव्या किंवा तिसऱ्या सुरावर चालायचं. चेलोची लय वर पोचवायची. तीच तीच आठ-दहा सुरांची गुंफण पानभर अशी वाजवायची की ती जाणवावी पण दिसू नये. आणि मधेच, दोन मात्रांसाठी, चाल आपल्याकडे आली की ती अशी उचलायची जणू ती आपल्याचकडे होती, आणि तशीच सोडून द्यायची. सगळ्यात अवघड सोडणं. घट्ट धरलं की पुढच्याला धक्का बसतो, लवकर सोडलं की भोक पडतं. बेथोवेनच्या रचना वाजवणाऱ्या क्वार्टेटमधला दुसरा व्हायोलिनवादक कार्ल होल्झ. त्याच्या आडनावाचा जर्मन अर्थ लाकूड. त्यावरून बेथोवेन त्याची थट्टा करायचा. मला मात्र ते नाव आमच्या सगळ्या बिरादरीचं वाटतं. तार दिसते, गज दिसतो. आवाज मोठा होतो तो लाकडात.

बेथोवेनचं एकशे एकतीस या रचना-क्रमांकाचं क्वार्टेट (अशा चौघांच्या रचनेलाही क्वार्टेटच म्हणतात), १८२६ मधलं, आम्ही बसवायला घेतलं आणि मैफलीत आणायला तीन वर्षं घेतली. सात भाग, मधे कुठं थांबणं नाही, चाळीसेक मिनिटांत तार उतरली तरी जुळवायला सवड नाही. सुरुवातीला पहिलं व्हायोलिन एकटंच चार बार, म्हणजे तालाची चार आवर्तनं, गातं. अगदी हळू, दुखऱ्या आवाजात. मग दुसरं व्हायोलिन तीच चाल वेगळ्या सुरावरून धरतं. पहिल्यांदा ती जागा आली तेव्हा मी मोजत होते, एक-दोन-तीन-चार, आणि चुकले. पुन्हा चुकले. बरोबर मोजूनही चुकत होते, कारण मी येत होते ती हिशेबानं. दुपारी चहा पिताना एकदम आप्पांचं वाक्य आठवलं. परत बसलो तेव्हा मोजणं सोडून दिलं. "पहिल्या"च्या गजाकडे पाहिलं नाही. त्याचा दम कुठं संपतोय तेवढं ऐकत राहिले, आणि माझ्या बरगड्या आपोआप फुगल्या. काकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून "पहिलं कधी होणार" या प्रश्नानं मला टोचणं बंद झालं.

पोट कशावर चालायचं हेही लिहायला हवं, कारण करिअर म्हटलं की तोच अर्धा भाग. नुसत्या मैफलींवर आम्ही चौघं कधीच जगलो नाही. हॉटेलांच्या लॉबीत वाजवलं, लग्नांत स्वागताच्या वेळी वाजवलं. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेडच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना शिकवलं, ते सगळ्यात भरवशाचं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या क्रोनोस क्वार्टेटनं आशा भोसल्यांबरोबर आर. डी. बर्मनच्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केलं. त्यानंतर वर्ष-दोन वर्षं लग्नातली आमची मागणी वाढली आणि मला नातेवाइकांना क्वार्टेट म्हणजे काय ते सांगणं सोपं झालं. एका संस्थेनं वर्षभरात सहा मैफली ठरवल्या होत्या. त्यासाठी आम्ही दुसरी कामं नाकारली. दोन झाल्या आणि फोन आला, पुढच्या रद्द. दुसऱ्या मैफलीचं मानधन अजून यायचं आहे. त्या सहा महिन्यांत काकांनी आपला दुसरा, चांगला गज विकला आणि आम्हाला फार उशिरा सांगितलं. त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

२००३ च्या डिसेंबरात आम्ही जळगावला वाजवलं. बालगंधर्वांचं नाव काढलं की अजून सरसावून बसणारं गाव. पण हेडन हा ऑस्ट्रियन संगीतकार कुणी ऐकलेला नव्हता. आम्ही त्याचं "एम्परर" क्वार्टेट घेतलं, १७९७ मधलं. त्याचा दुसरा भाग मी जगातल्या कुठल्याही संगीताहून जवळचा मानते, आणि का ते सांगते. हेडननं सम्राटासाठी एक साधी चाल केली होती, पुढं तीच जर्मनीच्या राष्ट्रगीताची चाल झाली. या भागात ती आधी पहिलं व्हायोलिन म्हणतं. मग चार वेळा ती परत येते, आणि ती चाल स्वतः काही बदलत नाही. तिच्याभोवतीचं सगळं बदलतं. पहिल्या खेपेला ती दुसऱ्या व्हायोलिनकडे येते. व्हायोला आणि चेलो गप्प बसतात. दुसरं व्हायोलिन साधी चाल म्हणत राहतं आणि पहिलं तिच्यावर बारीक नक्षी काढत जातं. मग ती चेलोकडे जाते, मग व्हायोलाकडे, आणि शेवटी परत वर. कुणी काही मिरवत नाही. वस्तू हातोहात जावी तशी ती चाल जाते.

आप्पा पहिल्या रांगेत होते. पांढरा सदरा, टोपी, मांडीवर पिशवी. माझी खेप आली. हॉलमध्ये थंडीमुळे पंखे बंद. मी श्वास घेतला आणि धरली. वीस बार. काकांच्या चेलोवर ती चाल उतरली तेव्हा मागून कुणीतरी "क्या बात है" म्हणालं, मोठ्यानं. पहिला हसला. हेडनच्या काळी लोक अशीच मधे दाद द्यायचे, आपण ती पद्धत सोडलेली नाही इतकंच.

दुसऱ्या दिवशी गावच्या शेतात वांगी भाजली, भरीत झालं, कळण्याच्या भाकरी झाल्या. काकांनी दोनदा मागून घेतलं. आप्पा माझ्याशेजारी बसले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू धरलं ना, त्याच्या आधी तुहा श्वास मले ऐकू आला."

मी म्हटलं, "चुकलं का? फार मोठा घेतला?"

"नाही. तेवढा लागतेच." मग भाकरीचा तुकडा मोडत, "तो वरचा मोठा बारीक काम करत व्हता. पण त्याले तुह्यावर भरोसा व्हता, म्हणून करत व्हता."

एकोणीस वर्षांत माझ्या वादनावर छापून आलेलं सगळं मी जपून ठेवलं आहे. त्यातलं एकही वाक्य आप्पांच्या या बोलण्याच्या जवळपास जात नाही.

२०१० मध्ये काका गेले. आम्ही तिघांनी दोन चेलोवाल्यांबरोबर वाजवून पाहिलं. दोघंही काकांहून तयारीचे होते, खरंच. पण "पहिला" श्वास घ्यायचा आणि तो काकांच्या खुर्चीकडे जायचा. एका सकाळी व्हायोलावालीनं व्हायोला केसमध्ये ठेवला आणि झाकण लावलं. कुणी काही म्हणालं नाही. अमेडिअसचे उरलेले तिघं का थांबले असतील, हे मला त्या सकाळी कळलं. गार्डसाहेबांचं दोन ओळींचं पत्रही कळलं. पुढच्या वर्षी आप्पा गेले. २०१४ मध्ये डाव्या खांद्यानं दगा दिला आणि मी भुसावळला परत आले.

आता घरी सहा मुलं शिकायला येतात. त्यातली एक रावेरकडची, तेरा वर्षांची, वडील केळीच्या धंद्यात. शनिवारी पॅसेंजरनं येते. कान असा की चुकीचा गंधार लागला की तिचं तोंड आंबट होतं. तिला मी गेल्या महिन्यात माझा जुना कागद काढून दिला, हेडनचा, दुसऱ्या व्हायोलिनचा. कडा पिवळ्या पडल्यात, पेन्सिलीच्या खुणांनी भरलाय. तिनं बोट ठेवून विचारलं, "मॅडम, इथं स्वल्पविराम का काढलाय?"

"श्वासाची खूण आहे ती."

"व्हायोलिनला श्वास?"

मी माझं व्हायोलिन काढलं. तिला चाल दिली आणि मी वरची नक्षी घेतली, "पहिल्या"ची. इतक्या वर्षांत ती मी कधी वाजवली नव्हती. वाजवायला लागले आणि दोन बारांतच लक्षात आलं की वर किती मोकळं आहे आणि पायाखाली काहीच नाही. तिचा सूर आहे तेवढीच जमीन. ती अडखळली की मी पडत होते. आम्ही चारदा थांबलो. पाचव्यांदा सुरुवात करणार तेवढ्यात लाइट गेली. मे महिना, दुपारची वेळ, पंखा फिरत फिरत बंद पडला. बाहेर कुठल्यातरी मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळले, मग तेही शांत झालं.

मी तिच्याकडे पाहिलं नाही. व्हायोलिन खांद्याला लावून थांबले. आणि तिनं श्वास घेतला. नाकानं, पुरा, बरगड्या फुगवून.